खंडाचं कारण

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘खंड’ नावाची एक फाईल आहे. ती उघडली की मजकूर तयार असतो. ‘मी खाली सही करणार, वय टिंबटिंब, राहणार सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या शिक्षणात सन टिंबटिंब पासून सन टिंबटिंब पर्यंत खंड पडला असून त्याचे कारण टिंबटिंब हे आहे. सदर काळात मी इतर कोठेही प्रवेश घेतलेला नाही.’ टिंबांच्या जागा भरायच्या, प्रिंट काढायची, पोरगं कागद घेऊन तहसीलच्या वाटेला लागतं. तारखा पोरांना पाठ असतात. अडतात ती कारणापाशी. ‘मामा, कारण काय टाकायचं?’ मग हॉटेलवाला ‘साधा का स्पेशल’ विचारतो तसं मी मान वर न करता विचारतो, ‘घरगुती का आर्थिक?’ बहुतेक पोरं आर्थिक घेतात, मुली घरगुती घेतात. एकानं मात्र एकदा खरं सांगितलं होतं, ‘मामा, क्रिकेट.’ मी त्याचं घरगुती करून दिलं.

आमच्या भागात खंड म्हटलं की आधी पाऊस आठवतो. मृग बरसतो, पेरण्या होतात, उडीद-सोयाबीन मातीतून डोकं काढतं आणि पाऊस खंड देतो. २०२३ च्या खरिपात २१ दिवसांपेक्षा जास्त खंड पडलेल्या मंडळांना पीकविम्याची २५ टक्के रक्कम आगाऊ मिळायची बोली निघाली आणि माझ्या दुकानापुढं आधार-सातबारा घेऊन रांग लागली. त्या रांगेच्या झेरॉक्सा मारता मारता माझ्या मनात हिशोब सुरू झाला. २१ दिवसांच्या खंडाला २५ टक्के, तर तीस वर्षांच्या खंडाला किती?

हा तीस वर्षांचा खंड माझा स्वतःचा. आता बत्तीस झाली.

मी बी.ए. प्रथम वर्ष पास आहे. १९९३ सालची गुणपत्रिका माझ्याजवळ आहे, लॅमिनेट केलेली. वर छापलंय मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद. पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद. पुढच्याच संक्रांतीला, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मग पुष्कळ वर्षांनी शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं. त्या कागदावरचं एकही नाव आता जागेवर नाही. माझं तेवढं आहे, आणि त्याच्यापुढचं ‘प्रथम वर्ष’.

कॉलेज सुटलं ते त्याच वर्षी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या उलथापालथीत माझं शिक्षण राहिलं असं बाहेरगावच्या लोकांना वाटतं आणि मी बरीच वर्षं त्यांना तसं वाटू दिलं. खरं म्हणजे परंडा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आणि भूकंपात सापडलेली सास्तूरची बाजू पूर्वेच्या. ज्यांचं गेलं त्यांचं सगळंच गेलं. आमच्या घरातला तांब्यासुद्धा कलंडला नव्हता. माझी डिग्री पडली ती नारळाच्या दुकानात. वडिलांचे गुडघे धरले होते, काळभैरवनाथाच्या देवळासमोरच्या दुकानावर बसायला माणूस नव्हतं. मी म्हणालो, आठ दिवस मी बसतो. ते आठ दिवस अजून चालू आहेत. मध्ये नारळाशेजारी झेरॉक्सचं मशीन आलं, मग कॉम्प्युटर आला, एवढाच फरक.

वडिलांचंही असंच झालं होतं. ते निजामाच्या राज्यात जन्मले. चौथीपर्यंत मराठी आणि वरचं सगळं उर्दू. पदवी कुणाला हवीच असेल तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं. वडील परंड्याला उर्दूत सहावी शिकत असताना १९४८ चा सप्टेंबर आला. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ शाळेतली उर्दूही गेली. एवढं अलिफ-बे गिरवून झाल्यावर पुन्हा नव्यानं कोण बसणार, म्हणून त्यांनी नारळाची पाटी उचलली. अभ्यासक्रम बदलला की शिक्षण सोडायचं ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट. सातबाऱ्यावर तेवढी चढलेली नाही.

सातबाऱ्यावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यात उपळा म्हणून गाव आहे. तिथं ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर नोंदलेली आहे. थट्टा नाही, महसुलाच्या कागदावर. आमच्या सोनारीतही देवळाभोवती माकडांचंच राज्य. त्यांचा रुबाब बघून त्यांच्याकडंही कुठं तरी उतारा असणार असं वाटतं. एखादं लठ्ठ वानर माझ्या पत्र्यावर येऊन बसलं आणि मला खालीवर न्याहाळू लागलं की मला उगाच कमीपणा येतो. जिल्ह्यातल्या माकडांकडं जमीन आहे आणि माझ्याकडं साधी पदवी नाही.

पण तेवढ्यावर कुणी कॉलेज शोधायला निघत नाही. मला निघावं लागलं ते मुलीच्या बायोडाट्यामुळं. गावातल्या निम्म्या लग्नांचे बायोडाटे माझ्याच कॉम्प्युटरवर निघालेत. वर गणपती, खाली ‘अपेक्षा: अनुरूप’. लोकांच्या बायोडाट्यात मी पुष्कळ सैल हात सोडलेला आहे. दोन एकर कोरडवाहूला ‘प्रगतशील शेतकरी’ लिहिताना मला कधी कापरं भरलं नाही. पण स्वतःच्या घरचा काढताना ‘वडील: बी.ए.’ लिहिलं आणि बोट अडलं. मग कंस उघडला, ‘प्रथम वर्ष’ लिहिलं, कंस बंद केला. पोरगी पुण्याला नोकरीला. फोनवर बायोडाटा बघून म्हणाली, ‘पप्पा, एक तर कंस काढा, नाही तर डिग्री करा.’ कंस काढणं सोपं होतं. का कोण जाणे, काढवला नाही.

पहिल्यांदा आपलं जुनं ते बरं म्हणून तालुक्याच्या कॉलेजात गेलो. खिडकीत बसलेले भाऊसाहेब माझ्या गुणपत्रिकेपेक्षा वयानं लहान होते.

‘सेकंड इयरला ॲडमिशन पाहिजे.’

‘पाल्य कुठंय?’

‘पाल्य मीच.’

त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. मग समजावून सांगितलं. माझं पहिलं वर्ष वार्षिक परीक्षेचं. त्यानंतर सेमिस्टर आलं, श्रेयांक आले, आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय. मराठी-इतिहास-राज्यशास्त्र असं तीन गाठोड्यांचं बी.ए. राहिलेलं नाही. आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी आणि आयकेएस. मी प्रत्येकाला मान हलवली, जसं लग्नात नवऱ्याकडच्या पाहुण्यांची ओळख करून देताना हलवतात. पुढं त्यांनी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सांगितली. कमावलेले श्रेयांक तिथं जमा राहतात, कॉलेज बदललं तरी वापरता येतात, मात्र साधारण सात वर्षांपर्यंत. बँक म्हटल्यावर मी सावरून बसलो होतो. सात वर्षं ऐकून पुन्हा टेकलो. माझं खातं बत्तीस वर्षं जुनं आणि त्या बँकेच्याही आधीचं.

त्या धोरणातली एक गोष्ट मात्र मनाला लागली. एक वर्ष करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. म्हणजे मधूनच सोडून जाण्याची आता रीतसर सोय झाली आहे. मी तीस वर्षं आधी सोडलं म्हणून नुसता ‘शिक्षण अर्धवट’ ठरलो. आता सोडलं असतं तर प्रमाणपत्र हातात घेऊन सोडलं असतं. काळाच्या पुढं चालणाऱ्यांचे हाल होतात म्हणतात, ते हेच असावं.

निघताना ७५ टक्के हजेरीचा विषय निघाला. भाऊसाहेबांनी विचारलं, ‘रोज जमंल का?’ मी म्हणालो, ‘छे, दुकान कोण बघणार!’ आणि गंमत बघा, हे म्हणताना माझा आवाज दुःखी होता आणि मनाला कसं हलकं हलकं वाटत होतं. येताना किल्ल्यावरून आलो. त्र्याण्णव साली इंग्रजीचा तास बुडवून आम्ही तिथंच बसायचो. मलिक-ए-मैदान ही नावाजलेली तोफ एके काळी या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली ती विजापूरला नेली, ती काही परत आली नाही. आमच्याबरोबर तटावर बसणारे दोघे हुशार होते. तेही पुण्याला गेले आणि तिकडंच राहिले. मी कुठंच गेलो नाही आणि शिकलोही नाही. तोफेच्या मागं राहिलेल्या रिकाम्या चौथऱ्यासारखा.

बार्शी आम्हाला बाजाराला जवळची. कापड, सोनं, डॉक्टर, सगळं बार्शी. पण बार्शी पडली सोलापूर जिल्ह्यात, तिचं विद्यापीठ सोलापूरचं. आणि हजेरी तिथंही हजेरीच. तो विचार एसटीतून उतरायच्या आत संपला.

मग ‘इग्नू’. १९८५ चं, दिल्लीचं, देशभर पसरलेलं. वर्षातून दोनदा प्रवेश, जूनमध्ये आणि डिसेंबरात परीक्षा, तीन वर्षांचं बी.ए. सहा वर्षांपर्यंत रेंगाळवायची मुभा. ही मुभा मला फार आवडली. पण पुस्तकं चाळली तर इंग्रजी नाही तर हिंदी. माझी हिंदी यात्रेत खेळणी विकायला येणाऱ्यांशी घासाघीस करण्यापुरती आहे. तिच्यात राज्यशास्त्र कसं लिहिणार?

याच सुमारास माझ्या मोबाईलला वास लागला. मी चार ठिकाणी चौकशी काय केली, रोज एका मंजुळ आवाजाचा फोन येऊ लागला. ‘सर, आपकी डिग्री अधूरी है ना?’ एवढ्या आपुलकीनं हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. एक जण तर गाडी घेऊन दुकानावर आला. बूट चकचकीत, पुस्तिका चकचकीत. एका वर्षात पदवी, परीक्षेची काळजी आमच्यावर, आणि हवं तर मागच्या सालची. मी म्हणालो, मागच्या कुठल्या? तो म्हणाला, आपण म्हणाल त्या. मी त्याला १९९६ सांगणारच होतो, तेवढ्यात पत्र्यावरून एक वानरीण उतरली आणि त्याच्या हातातली पुस्तिका घेऊन समोरच्या भिंतीवर जाऊन बसली. तिनं ती हुंगली, एक कोपरा चावून बघितला, आणि खाली टाकून दिली. संस्थेची मान्यता तपासण्याची पहिली पायरी मी तेव्हापासून हीच धरतो. दुसरी पायरी यूजीसीची. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण कोण देऊ शकतो, त्यातले कुठले अभ्यासक्रम कुठल्या सालासाठी मान्य आहेत, याची यादी यूजीसी प्रसिद्ध करते. बनावट विद्यापीठांचीही करते. त्या संध्याकाळी मी यादीत नाव शोधलं. ज्या यादीत असायला हवं होतं तिच्यात नव्हतं. माकडीण आणि यूजीसी यांचं एकमत झालेलं मी तरी तेव्हाच पाहिलं.

शेवटी उरलं ते डोळ्यासमोरच होतं. गावात त्याला नुसतं ‘मुक्त’ म्हणतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ साली निघालेलं. म्हणजे मी कॉलेज सोडलं तेव्हा ते चार वर्षांचं होतं आणि मी त्याच्याकडं पाठ करून नारळ विकत बसलो. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं तेव्हा हे ब्रीद वाचून हसू यायचं. पण ही गंगा माझ्या दुकानातून बरीच वाहून गेली आहे. एमपीएससी करणारी पोरं मुक्तची पुस्तकं मिळवतात, कारण ती घरी एकट्यानं वाचून समजावीत अशा बेतानं, सोप्या मराठीत लिहिलेली असतात. मग ती झेरॉक्सला माझ्याकडं. सुट्या पानांचा गठ्ठा असला की आधी सगळी विषम पानं मारायची, मग गठ्ठा उलटून सम. मशीन चालू असताना मी वाचत उभा राहतो. त्यामुळं मला महाराष्ट्राचा इतिहास विषम पानांवरून चांगला येतो. जोतिराव फुल्यांनी १८५५ साली शेतकऱ्या-मजुरांसाठी आपल्या घरात रात्रीची शाळा काढली, हे मला ठाऊक आहे. पुढं तिचं काय झालं ते सम पानावर असणार. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांना कामावर जायच्या आधी शिकता यावं म्हणून सकाळी लवकर वर्ग भरवले, हेही मला एका विषम पानावरच भेटलं. तेव्हा मशीन मध्येच थांबवून मी ते पान दोनदा वाचलं होतं. आता जाहिरातीत ‘लवचिक शिक्षण’ म्हणतात. या माणसांनी तो शब्द न वापरता घड्याळच कामकऱ्याच्या बाजूला फिरवून ठेवलं होतं.

तर मुक्तची चौकशी केली, आणि तिथंच माझी खरी अडचण सुरू झाली.

वेळ नाही म्हणावं, तर अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रं रविवारी. पैसा नाही म्हणावं, तर वर्षाची फी शेजाऱ्याच्या नातवाच्या इंग्लिश मिडियम नर्सरीपेक्षा कमी. भाषा मराठी. वय झालं म्हणावं, तर वयाला वरची मर्यादाच नाही. डिग्रीला किंमत नाही म्हणावं, तर मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरायची, असं यूजीसीनं २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केलेलं. एकेक सबब मी पुढं करत गेलो आणि एकेक दार उघडंच निघालं. भिंतीला टेकायला गेलो आणि भिंतच नाही अशी गत. त्या रात्री मला पहिल्यांदा उमगलं की जुन्या कॉलेजनं बत्तीस वर्षं मला किती सांभाळून घेतलं होतं. त्याची हजेरी, त्याचं दहा ते पाच, त्याचं अंतर, या सगळ्याला टेकून मी आरामात बसलो होतो. मुक्तनं टेकू काढून घेतला. आता नापास झालो तर मीच होणार.

यात्रेची एक सबब उरली होती. चैत्रात भैरवनाथाची यात्रा, पाय ठेवायला जागा नसते, वर्षाची कमाई त्या दिवसांत. उन्हाळी परीक्षा तोंडावर येते तेव्हा यात्रेच्या उधारीचीही वही मिटलेली नसते. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘यात्रंला दुकान मी बघते. तुम्ही तसंबी सुट्टे पैसे मोजण्यापलीकडं काय करताव?’

हॉटेलात बातमी फुटायला वेळ लागला नाही. ‘काय करायलाव आण्णा आता डिग्री घिऊन?’ एकानं विचारलं, सरपंचाला उभं राहायचंय का. दुसऱ्याला शंका, मुक्त म्हणजे पेपर बघून लिहायचा असतोय का. हा समज कुठून आला कुणास ठाऊक, मुक्त म्हणजे मोकाट नव्हे हे सांगून माझा चहा थंड झाला. एका म्हाताऱ्यानं मात्र खूप विचार करून नेमकं विचारलं, ‘पास झालास तर नारळाचा भाव वाढवशील का?’

मी नाही म्हणालो. त्याचं समाधान झालं आणि तो उठून गेला.

काल दुपारी गर्दी नव्हती म्हणून कागद जुळवायला बसलो. गुणपत्रिका, आधार, फोटो. खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतील की नाही ठाऊक नाही, पण झेरॉक्सवाला कागद कमी पडू देत नाही. ‘खंड’ फाईल उघडली. नाव घातलं, वय घातलं, ५१. सन १९९३ पासून सन २०२५ पर्यंत. आणि कारणापाशी येऊन बोटं थांबली. पंधरा वर्षं मी लोकांना दोनच कारणं विकली होती, स्वतःसाठी तिसरं ठेवलेलंच नव्हतं. सवयीनं टाईप केलं, ‘घरगुती अडचण’.

बायको डबा घेऊन आली होती. चष्मा वर करून पडद्याकडं बघत म्हणाली, ‘अडचण म्हंजे मी व्हय?’

‘तसं नाही गं.’

‘लगीन आपलं अठ्ठ्याण्णवला झालं. कालेज तुम्ही त्र्याण्णवला सोडलं. मी पाच वर्षं आधी कुठनं अडचण झाले?’

मी ते पुसलं आणि लिहिलं, ‘आर्थिक अडचण’. वाचताना मी नेहमी मोठ्यानं वाचतो. मागं पोत्यावर आई शेंगा निवडत बसली होती. वय पंच्याऐंशी, पण असलं बरोबर ऐकू येतं. ‘आर्थिक कशापायी?’ ती म्हणाली. ‘तुझ्या बानं म्हस इकली आसती. तू मागितलंस का?’

मी मागितलं नव्हतं.

तेही पुसलं. जागा रिकामी, काडी उघडझाप करत राहिली. कितीतरी वेळ आम्ही तिघं त्या काडीकडं बघत होतो. पत्र्यावर धप्पकन काही तरी पडलं, माकड असणार. तेवढ्यात बारावी झालेलं एक पोरगं पळत आलं. ‘मामा, फॉर्मची तारीख वाढली म्हणं!’

‘वाढली?’ मी म्हणालो, आणि माऊसवरचा हात आपोआप सुटला. एकदम बरं वाटलं. डबा उघडायला घेतला.

बायकोनं डबा माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला, गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि पदरानं पडदा पुसला.

‘लिवा,’ ती म्हणाली.